लकव्यानंतरची सुधारणा घरबसल्या कशी मोजायची?

आज आपण हप्ते आणि व्याज थोडा वेळ बाजूला ठेवू आणि लकव्याविषयी बोलू. लकवा का होतो, तो होऊ नये म्हणून काय करावं, हे दवाखान्यातली माणसं आपल्याला सांगत असतातच. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माणूस दवाखान्यातून घरी आला. महिना झाला, दोन महिने झाले. आता त्याच्या हातापायांत किती फरक पडला, हे बघायला प्रत्येक वेळी त्याला तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्यावंच लागतं का? की फोनवर, व्हिडिओ कॉलवरही ते बघता येतं? आणि येत असेल, तर ते नीट व्हावं म्हणून घरातल्या बाईने काय करायचं?

घरातल्या बाईने, असं मी मुद्दाम म्हणते. फोन धरणारी, खुर्ची मांडणारी आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणारी बहुतेक घरांत आपणच असतो.

आधी थोडक्यात लकव्याविषयी. आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मग मेंदूचा जो भाग हात-पाय चालवतो, त्याचं काम थांबतं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात आणि उजवा पाय जातो, आणि पुष्कळदा बोलणंही अडतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, शब्द फुटेना, की मालिश नको, उतारा नको. थेट १०८ ला फोन करायचा. एकदा लकवा होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा असं झालं, तरीही हेच करायचं.

मोजायचं कशाला?

गटात आपण दर महिन्याला वही लिहितो. वही नसती तर कुणी म्हणालं असतं, "मी तर सगळं फेडलं," आणि दुसरी म्हणाली असती, "कुठे फेडलंस?" आजारपणाचंही तसंच आहे. शेजारीण विचारते, "आता कसं आहे मामांचं?" आपण म्हणतो, "पहिल्यापेक्षा बरं आहे." पण किती बरं? मागच्या महिन्यात खुर्चीतून उठताना धरावं लागत होतं, आता लागत नाही, की आपल्यालाच धरायची सवय झाल्यामुळे ते लक्षात येत नाही?

फिजिओथेरपिस्टला नेमकं हेच हवं असतं. सुधारणा होत असेल तर व्यायाम वाढवायचा, थांबली असेल तर बदलायचा, मागे जात असेल तर कारण शोधायचं. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. आणि हेच तीन महिने आपल्या घरांत सर्वांत ओढाताणीचे असतात. गाडीचं भाडं, पेशंटबरोबर दोन माणसं, दोघांची बुडालेली रोजंदारी. पहिल्या दोन फेऱ्या होतात, तिसरी राहते, मग चौथी कुणी काढतच नाही. दुरून तपासणी व्हायला लागली, तर निदान मधल्या फेऱ्यांची खाडी भरून निघते.

पहिली रीत: विचारून

दुरून तपासण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे फोनवर प्रश्न विचारणं. याला साधा बटणांचा फोनही चालतो. यासाठी एक जुनी प्रश्नावली जगभर वापरतात, तिचं नाव बार्थेल इंडेक्स. अमेरिकेत १९६५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात रोजच्या दहा गोष्टी आहेत: जेवणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीवर येणं, चालणं आणि पायऱ्या चढणं. प्रत्येक गोष्टीला गुण असतात. सगळं स्वतःचं स्वतः होत असेल तर १००, काहीच होत नसेल तर ०.

या प्रश्नावलीचा एक नियम आपण पाठ करून ठेवावा. माणूस काय करू शकेल, हे इथे लिहायचं नसतं. तो रोज काय करतो, ते लिहायचं असतं. "मनात आणलं तर मामा स्वतः जेवतील, पण सांडतं म्हणून मी भरवते," असं असेल तर उत्तर "भरवावं लागतं" हेच. सोबत कुणीतरी उभं राहावं लागत असेल, तर तेही सांगायचं. नुसतं उभं राहणं हीसुद्धा मदतच आहे.

उत्तर कुणी द्यायचं? शक्य असेल तर ज्याचा आजार त्याने. आपल्याकडे फोन लागला की घरातला कर्ता पुरुष घेतो आणि सांगून टाकतो, "हो हो, सगळं होतंय." पण पहाटे संडासला नेणारी बाई वेगळीच असते. तिला विचारल्याशिवाय खरं कळत नाही. पेशंटचं बोलणं गेलं असेल, तर होय-नाही असं मानेने किंवा हाताने सांगता येईल असे प्रश्न विचारायला सांगावं आणि जी रोज सांभाळते तिने बाकीचं सांगावं. पेशंटचं आणि तिचं उत्तर जुळलं नाही, तर दोन्ही सांगावीत. तपासणाऱ्याला त्यातूनही काही कळतं.

आणखी एक. ही प्रश्नावली परदेशातली आहे. आपलं घर वेगळं आहे. आपल्याकडे संडास बसायचा असतो, तो घराबाहेर असतो, वाटेत उंबरा असतो, पंगत जमिनीवर असते. फोनवर विचारणाऱ्या व्यक्तीला हे आपण होऊन सांगायचं. "खुर्चीतून उठतात, पण खाली बसलं तर उठता येत नाही," हे एक वाक्य तिच्या फार उपयोगाचं असतं.

दुसरी रीत: पाहून

दुसरी रीत व्हिडिओ कॉलची. इथे फिजिओथेरपिस्ट डोळ्यांनी बघते आणि वेळ मोजते. फार सामान लागत नाही. हात नसलेली भक्कम खुर्ची, मोजायचा टेप आणि सेकंद दाखवणारा मोबाईल पुरतो.

पहिली चाचणी उठण्या-बसण्याची. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीशी घडी घालायचे. एक हात लुळा असेल तर चांगल्या हाताने तो धरायचा. मग पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. किती सेकंद लागले ते लिहायचं. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही, तर ओढून उठवायचं नाही. "आधाराशिवाय उठता आलं नाही" हीसुद्धा नोंदच आहे. पुढच्या महिन्यात दोनदा उठता आलं, तर ती मोठी गोष्ट झाली.

दुसरी चाचणी उठून चालण्याची. कॅनडात १९९१ साली ती मांडली गेली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत यायचं, बसायचं. उठायला सांगितल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ मोजायचा. नेहमीची काठी असेल तर काठी घेऊनच. तीन मीटर म्हणजे साधारण दहा फूट. शिवणकामाचा टेप दीड मीटरचा असतो. तो दोनदा लावला की झालं. तिथे खडूने रेघ मारा. वयस्कर माणसाला या चाचणीत १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजावं, असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते. लकवा झालेल्या माणसाला पुष्कळदा याहून बराच वेळ लागतो. त्याने घाबरायचं नाही. आपली तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी करायची. ४० सेकंदांचे ३० झाले, तर वाट बरोबर आहे.

चालण्याच्या वेगावरून आणखी एक गोष्ट कळते. अमेरिकेत १९९५ साली लकवा झालेल्या माणसांचा अभ्यास झाला. त्याचा हिशोब आपल्या भाषेत असा: दहा सेकंदांत चार मीटरपेक्षा कमी चालणं होत असेल, तर माणूस सहसा घरापुरताच फिरतो. चार ते आठ मीटर होत असेल, तर थोडंफार बाहेर जातो. आठच्या वर गेला, तर दुकान, देऊळ, गल्ली असा आपला आपण फिरू शकतो. म्हणजे हा कागदावरचा नुसता आकडा नाही. मामा पारापर्यंत एकटे जातील की नाही, याचा तो अंदाज आहे.

तिसरी चाचणी हाताची. दोन्ही हात समोर उचलून धरा, मूठ उघडा, अंगठा एकेका बोटाला लावा, पेला तोंडापर्यंत न्या, ताटातला हरभरा चिमटीत उचला. फिजिओथेरपिस्ट सांगेल तसं करायचं आणि कॅमेरा हातावर ठेवायचा. मदत करायची नाही. आपला हात आपोआप पुढे जातो, तेवढा आवरायचा.

कॅमेरा कसा धरायचा?

यातच निम्मं काम बिघडतं, म्हणून जरा नीट ऐका.

एक, माणसं दोन हवीत. एक फोन सांभाळायला, दुसरी पेशंटजवळ उभी राहायला. एकटीने फोन धरून पेशंटला उठवायचं नाही, म्हणजे नाही. दुसरं माणूस नसेल, तर त्या दिवशी फक्त प्रश्नोत्तरं करा.

दोन, जवळ उभं राहणारीने लुळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहावं. लुळा हात धरून ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात. ओढल्याने खांदा उतरतो आणि दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. आधार कमरेला द्यायचा.

तीन, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसलं पाहिजे. बहुतेक व्हिडिओंत फक्त चेहरा आणि छाती असते; पाहायचे असतात पाय. फोन कमरेएवढ्या उंचीवर, आडवा, चार-पाच पावलं लांब ठेवा. पेशंटच्या मागे दार किंवा खिडकी नको, नाहीतर नुसती काळी सावली दिसते. जमीन कोरडी हवी. गोधडी, पोतं, लेकरांची खेळणी वाटेतून काढा. मामा चप्पल घालून चालत असतील, तर दर वेळी तीच चप्पल. अनवाणी असतील, तर दर वेळी अनवाणी.

चार, साडी. साडीत गुडघा आणि घोटा दिसत नाही आणि निऱ्यांत पाय अडकतो. तपासणीपुरता गाऊन किंवा सलवार घाला, किंवा साडी नीट वर खोचा. आजीला लाज वाटत असेल, तर पुरुष माणसांना थोडा वेळ बाहेर बसवा. तिला अवघडून बसवून घेतलेली चाचणी खरी उतरत नाही.

पाच, रेंज. रेंज कमी असली की चित्र अडकतं आणि एकदम पुढे उडी मारतं. तिकडे बसलेल्या व्यक्तीने घड्याळ लावलं, तर दोन-चार सेकंदांचा फरक सहज पडतो. म्हणून सेकंद घरच्या माणसाने मोजावेत. किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून आधी व्हिडिओ काढावा आणि रेंज येईल तिथून पाठवावा.

सहा, दर वेळी तीच खुर्ची, तीच जागा, शक्यतो दिवसाची तीच वेळ. सकाळी ताजंतवानं असताना एकदा आणि पुढच्या महिन्यात संध्याकाळी थकल्यावर, असं मोजलं तर तुलना कशाशी करणार?

कॅमेऱ्याला काय कळत नाही?

व्हिडिओवर सगळं कळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लुळ्या हाताला किती ताठरपणा आलाय, हे सांधा हाताने हलवल्याशिवाय कळत नाही. त्वचेला स्पर्श कळतो का, हे हात लावूनच बघावं लागतं. स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झालेली फुगल-मेयर नावाची एक तपासणी आहे. हाताचे ६६ आणि पायाचे ३४, असे हालचालींचे एकूण १०० गुण तिच्यात असतात. तिच्यातसुद्धा छोट्या हातोडीने ठोकून बघायचा भाग आहे. तो फोनवर होत नाही. तोल बघणाऱ्या काही चाचण्या, जसं एका पायावर उभं राहणं, या घरी करण्यात पडण्याचीच भीती जास्त. रक्तदाबही कॅमेऱ्यात दिसत नाही. तो मशीन लावूनच मोजायचा.

म्हणून पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी. नंतरच्या काही फेऱ्या फोनवर, आणि मधूनमधून पुन्हा प्रत्यक्ष, ही रीत चांगली. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर त्या दिवशी चाचणी करायचीच नाही, डॉक्टरांना कळवायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, जेवताना वारंवार ठसका लागायला लागला, खांदा दुखायला लागला किंवा माणूस पडला, तर पुढच्या कॉलची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

याने खरंच उपयोग होतो का?

दोन मोठे अभ्यास सांगते. पहिला अमेरिकेतला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. लकव्याने हात अधू झालेल्या १२४ माणसांपैकी काहींनी दवाखान्यात जाऊन व्यायाम केले आणि काहींनी घरी बसून, व्हिडिओवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केले. हाताची सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी झाली.

दुसरा आपल्या भारतातला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. देशातल्या १४ दवाखान्यांतले १२५० रुग्ण त्यात होते. निम्म्या घरांतल्या माणसांना व्यायाम करून घ्यायचं शिकवलं, निम्म्यांना नेहमीचेच उपचार दिले. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडचा निकाल सारखाच. घरच्यांना शिकवल्याने जास्तीचा फायदा झाला नाही.

हा दुसरा निकाल ऐकून हिरमुसू नका. मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. घरची बाई कितीही झटली, तरी जाणत्या डोळ्याची जागा ती घेऊ शकत नाही, आणि तिने ती घ्यावी अशी अपेक्षाही कुणी करू नये. सुधारणा थांबली की "सून नीट करून घेत नाही" असं म्हणायची आपल्याकडे फार घाई असते. सुनेचं काम खरी नोंद ठेवायचं आणि सुरक्षित उभं राहायचं. व्यायाम ठरवायचं काम शिकलेल्या माणसाचं. दुरून तपासणीचा खरा उपयोग तोच आहे: तो जाणता डोळा महिन्यातून एकदा तरी आपल्या अंगणापर्यंत येतो.

बाईला लकवा होतो तेव्हा

आता जरा वेगळं बोलते. पुरुषाला लकवा झाला तर "कामावर कधी जाणार?" असं विचारतात आणि त्याला तपासणीला नेतात. बाई मात्र उठून चुलीपाशी बसली की घर म्हणतं, "झाली बरी, भाकरी करते आता." तिची तपासणी तिथेच संपते. पण ती भाकरी कुठल्या हाताने थापते? दुसरा हात नुसता मांडीवर पडून असतो का? चांगल्या हाताने सगळं उरकायची सवय लागली, की लुळा हात हळूहळू विसरूनच जातो. काम झालेलं दिसतं, हात गेलेला दिसत नाही. म्हणून आपल्या गटातल्या मैत्रिणीचं मोजायचं असेल, तर भाकरी झाली का हे विचारू नका. कुठल्या हाताने केली, किती वेळ लागला, नंतर किती थकवा आला, हे विचारा. आणि तिच्या नावाचाही कॉल लावा.

सुरुवात कुठून करायची?

ज्या दवाखान्यात उपचार झाले, तिथल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात घरी सोडतानाच विचारा: "पुढची तपासणी व्हिडिओवर होईल का? कुठल्या नंबरवर आणि किती दिवसांनी?" डॉक्टरांचा सल्ला हवा असेल, तर ई-संजीवनी ही सरकारची मोफत सेवा आहे. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी किंवा आशाताई ती लावून देतात. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दुरून उपचारांचे नियम जाहीर केले. रुग्णाची संमती त्यात महत्त्वाची धरली आहे. म्हणून आपणही पेशंटला विचारल्याशिवाय व्हिडिओ काढू नये. काढलेला व्हिडिओ फक्त तपासणाऱ्या व्यक्तीलाच पाठवावा. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो टाकायचा नाही. पडत-झडत चालणारं आपलं माणूस गावभर फिरवायची वस्तू नाही.

गट म्हणून आपल्याला तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. ज्या घरी चांगला फोन नाही, तिथे तपासणीच्या दिवशी एखादीने आपला फोन घेऊन जायचं. ज्या घरी दुसरं माणूस नाही, तिथे उभं राहायला एकीने जायचं. आणि वहीचं एक पान आखून द्यायचं: तारीख, वेळ, खुर्ची कोणती, काठी होती का, किती सेकंद, कुणी धरलं का, काही वेगळं दिसलं का. आकडा वाईट आला तरी तोच लिहायचा. हप्ता भरला नसताना भरला असं आपण वहीत लिहीत नाही, तसंच इथेही.

येत्या बैठकीत बचतीची वही बंद करायच्या आधी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: तुमच्या घरात किंवा शेजारी लकवा झालेलं कुणी आहे का, आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली? उत्तर आठवत नसेल, तर त्या घरी टेप आणि खडू घेऊन जायला कुणीतरी निघा, पण त्याआधी फिजिओथेरपिस्टला फोन लावा.